हिपॅटायटिस सी : अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहेच, असं नाही

‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ (एचसीव्ही म्हणजे यकृताला बाधणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू) असा रिपोर्ट आला की रुग्ण आयुष्यभराचा बाधित, हा समज चुकीचा आहे. ही चाचणी विषाणू शोधतच नाही. शोधते त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी. विषाणू आपोआप गेला किंवा औषधांनी गेला, तरी ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणून पुढची पायरी एचसीव्ही आरएनए पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश (आरएनए) थेट शोधणारी चाचणी. तीत विषाणू सापडला तरच संसर्ग चालू आहे. उलटी चूकही होते: लागण होऊन दोन-तीनच आठवडे झाले असतील तर अँटीबॉडी निगेटिव्ह येऊ शकते, आरएनए मात्र सापडतो.

‘यावर औषध नाही’ हेही आता जुनं झालं. सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि वेलपाटास्विर १०० मिग्रॅ यांची एकत्र गोळी, रोज एक, साधारण १२ आठवडे; ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. गडबड होते ती अ‍ॅसिडिटीच्या औषधांमुळे. पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटास्विर नीट शोषलं जात नाही. अँटासिड घ्यायचंच तर चार तासांचं अंतर हवं. ओमेप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सुरुवातीलाच हिपॅटायटिस बी तपासणंही गरजेचं, नाहीतर या उपचारात शरीरात दबलेला हिपॅटायटिस बी उफाळू शकतो.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनएच तपासायचा. अँटीबॉडी चाचणी तेव्हा करणं म्हणजे पैसे वाया; ती पॉझिटिव्हच येणार.