‘घाशीराम’ कोणाचं: पीडीएचं की थिएटर अकॅडमीचं?

नाटककार सतीश आळेकरांची ओळख कुणी ‘पीडीएचे’ म्हणून करून देतं, कुणी ‘थिएटर अकॅडमीचे’ म्हणून. या पुण्याच्या दोन नाट्यसंस्था. दोन्ही खरं आहे आणि घोळ तिथेच होतो. दोन्हीकडची माणसं बरीचशी तीच, आणि मधोमध नाटकही एकच.

पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, थोरली. भालबा केळकरांची संस्था. डॉ. श्रीराम लागू इथलेच. डॉ. जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ बसवलं तेही पीडीएसाठी, १९७० साली. (पुण्याच्या रंगभूमीवर डॉक्टर फार, हे खरंच. डॉ. मोहन आगाशे धरले नाहीत अजून!)

मग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. दिग्दर्शन जब्बारांचं, साहाय्याला आळेकर, नाना फडणवीसांच्या भूमिकेत आगाशे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. संस्था अर्थातच पीडीए. नानांचं चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणांची ती डोलणारी रांग पाहून वाद पेटला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेतल्या वडीलधाऱ्यांनीच नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली. जानेवारी १९७४ पासून ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं, १९८० मध्ये युरोपात गेलं. गाजलं ते हे दुसरं पर्व, म्हणून पहिलं पुसलं गेलं.

पण माझ्या मते अकॅडमीचं वेगळेपण ‘घाशीराम’मध्ये शोधूच नये, ते तर माहेरून आणलेलं. ते दिसतं १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये. मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात आणि जुन्या, बंद झालेल्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतात. भाऊरावांच्या भूमिकेत चंद्रकांत काळे. त्यांचा मुलगा नाना झालेले स्वतः आळेकर. लेखनही त्यांचंच, दिग्दर्शनही. बायोकेमिस्ट्री शिकलेला विशीतला हा माणूस बापाच्या प्रेताशी हुज्जत घालत रंगमंचावर उभा! नाटककाराला स्वतःचं नाटक बसवायला, वर त्यात कामही करायला मोकळीक देणारी जागा म्हणजे अकॅडमी. १९७९ चं ‘बेगम बर्वे’ त्याच वाटेवरचं.

जब्बारांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ चं, तेही अकॅडमीचंच. तेव्हा या मंडळींचं नाटक मार्च १९७३ च्या आधीचं असेल तर पीडीएकडे बघावं, नंतरचं असेल तर अकॅडमीकडे. तारीख नसलेला ‘घाशीराम’चा जुना फोटो हाती आला, तर मात्र नुसत्या आगाशांच्या नानावरून काही कळायचं नाही. ते दोन्हीकडे होते.