पुस्तक बाजूला राहिलं, चर्चा आयुष्याचीच

लंडनच्या न्यूइंग्टन ग्रीनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये अठराव्या शतकातली स्त्रीहक्कवादी इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट हिच्या स्मरणार्थ शिल्प उभं राहिलं आणि लगेच वाद पेटला. शिल्पाच्या टोकावर एक छोटी नग्न स्त्री आहे. ती मेरी नाही, कुठलीही स्त्री आहे, असं शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग यांचं म्हणणं. दहा वर्षं वर्गणी गोळा करून विचारवंत बाईच्या वाट्याला हेच यावं का, असं टीकाकारांनी विचारलं. त्यांचा संताप समजायचा तर १७९८ पर्यंत मागे जावं लागतं.

याच वस्तीत १७८४ साली मेरीने शाळा काढली होती. १७९२ मध्ये तिचं स्त्रियांच्या हक्कांचं समर्थन करणारं पुस्तक आलं. बायका उथळ वाटतात त्या स्वभावाने नव्हे, त्यांना तसं वाढवलं जातं म्हणून, हा त्याचा गाभा. मुलामुलींना एकत्र शिकवा, असंही तिने मांडलं आणि फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याच्या स्त्रीशिक्षणाच्या कल्पनांचा खरपूस समाचार घेतला. पुस्तक खपलं; त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतरही झालं. म्हणजे पुढे तिची बदनामी झाली ती पुस्तकाने नव्हे.

सप्टेंबर १७९७ मध्ये, मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी, बाळंतज्वराने ती गेली. वय अवघं ३८. (ही मुलगी म्हणजे पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली.) नवरा विल्यम गॉडविनने चारच महिन्यांत, जानेवारी १७९८ मध्ये, तिचं चरित्र छापलं. गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन व्यापाऱ्याशी लग्नाविना संबंध, त्याच्यापासून झालेली मुलगी, आत्महत्येचे दोन प्रयत्न, गॉडविनने काहीच झाकलं नाही. हेतू प्रेमाचाच असावा, पण व्यवहारज्ञान शून्य! मेलेल्या बायकोला त्याने विवस्त्र केलं, असं कवी रॉबर्ट साउदीने म्हटलं. एका सरकारधार्जिण्या नियतकालिकाने तर सूचीत ‘वेश्याव्यवसाय’ या शब्दापुढे ‘पाहा: मेरी वुलस्टनक्राफ्ट’ असं छापलं.

त्यानंतर स्त्रीहक्कांचा पुरस्कार करणारेही तिचं नाव घ्यायला कचरत. १८५५ मध्ये कादंबरीकार जॉर्ज इलियटने लिहिलं, की मेरीचं १७९२ चं पुस्तक निंद्य असल्याचा समज आहे, वाचलं तर ते कमालीचं गंभीर, नीतिनिष्ठ आणि जरा जडच निघतं. १८९१ च्या आवृत्तीला मताधिकार चळवळीतल्या मिलिसेंट फॉसेट यांनी प्रस्तावना लिहिली. १९७० च्या दशकात चरित्रांची रीघ लागली. पुन्हा आयुष्यच पुढे! तत्त्वज्ञ म्हणून तिचं गंभीर वाचन त्यामानाने अलीकडचं. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्याचा विवेक कसा खुंटतो, हा तिचा मुद्दा त्यात केंद्रस्थानी असतो.

न्यूइंग्टन ग्रीनच्या त्या शिल्पाच्या चौथऱ्यावर तिचंच वाक्य कोरलं आहे: स्त्रियांना पुरुषांवर सत्ता मिळावी अशी माझी इच्छा नाही, ती स्वतःवर मिळावी.