कॉम्प्युटर अचानक बंद पडला? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

एप्रिल-मे महिन्यात बेळगाव, खानापूर भागात संध्याकाळी वळीव उठतो. चार विजा कडाडतात, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो की दोन-तीन ग्राहक सीपीयू घेऊन दारात उभे असतात. तक्रार बहुतेक एकच असते : "काल काम करता करता बंद पडला. आता चालू होतोय, पण धड चालत नाही."

अशा वेळी पहिल्या तासात काय करायचं आणि काय टाळायचं, एवढंच इथं सांगायचं आहे. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो. त्यातले फोटो, हिशेब, मुलांचं लिखाण पुन्हा मिळत नाही. आमच्या अनुभवात क्रॅशमुळे जेवढा डेटा जातो, त्याहून जास्त क्रॅशनंतरच्या घाईत जातो.

लाईट गेली त्या क्षणी विंडोज डिस्कवर काहीतरी लिहीत असते. दुकानात रोजमेळ लिहिताना कुणी मध्येच वही ओढून घेतली तर जमा-खर्च जुळत नाही, तसंच तिचं होतं. म्हणून पुढच्या वेळी चालू केल्यावर कधीकधी काळ्या पडद्यावर डिस्क तपासणी सुरू होते आणि टक्क्यांचा आकडा मुंगीच्या पावलांनी सरकतो. जुनी, मोठी हार्डडिस्क असेल तर याला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. कंटाळून मध्येच बटण दाबू नका. सीपीयूवरचा छोटा दिवा लुकलुकतो आहे तोवर काम चालू आहे असं समजा.

एक गोष्ट मात्र याला अपवाद. सीपीयूच्या आतून ठरावीक वेळाने "कट्... कट्..." असा आवाज येत असेल तर तपासणीही नको आणि पुन्हा चालू करून बघणंही नको. ताबडतोब बंद करा, वायर काढा. तो हार्डडिस्कचा यांत्रिक बिघाड असतो आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतला डेटा आणखी खराब होण्याचा धोका असतो.

आवाज नसेल तर घरी एवढं करून बघा. प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं काढा. मेन स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा, मग वायर जोडून चालू करा. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं. नाही झालं आणि विंडोजचा पहिला पडदा येत असेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. हा सेफ मोड. यात नीट चालला तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा (प्रिंटरसारखे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा प्रोग्रामचा आहे. लगेच महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, बाकीचं नंतर.

कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे गेली आणि प्रत्येक वेबसाइट असुरक्षित दिसू लागली, तर व्हायरस समजून घाबरू नका. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणसेल संपला असेल.

विंडोज ११ च्या काही मशीन क्रॅशनंतर ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूपबंद डिस्क उघडणारा आकडा) मागतात. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून उघडून बघा. ती नसेल तर तो डेटा आम्हालाही उघडता येत नाही, म्हणून आजच ती वहीत उतरवून ठेवा. पडद्यावर फोन नंबर दाखवून "या नंबरवर फोन करा" असं आलं तर ती फसवणूक आहे, विंडोज असा नंबर कधी देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. इथल्या घरच्या कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नड अर्जांसाठी नुडी, हे टायपिंगचे दोन्ही प्रोग्राम असतात. फाइली ठेवून विंडोज रीसेट केलं तरी हे प्रोग्राम आणि त्यांचे फॉन्ट निघून जातात. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी भर पावसात प्लॅस्टिकच्या पोत्यात सीपीयू गुंडाळून आमच्याकडे आले. गावच्या भजनी मंडळाचे अभंग त्यांनी आठ वर्षं बसून टाइप केले होते. दुसरीकडे कुणी विंडोज नव्याने टाकून दिलं आणि सांगितलं, फाइली सडल्या, पुसून टाका. उघडल्यावर खरोखरच नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत होती. आम्ही त्यांचा जुना फॉन्ट टाकला, फाइल पुन्हा उघडली आणि पहिली ओळ मराठीत आली. गुरुजी पडद्याला बोट लावून मोठ्यानं वाचू लागले. अक्षर सडलेलं नव्हतं, चष्मा तेवढा हरवला होता. म्हणून वाचता येत नाही म्हणून कुठलीही फाइल पुसू नका. सॉफ्टवेअरची सीडी आणि असल्यास जुन्या श्रीलिपीचा डोंगल (प्रोग्राम चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) जपून ठेवा. सवड काढून जुनं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवायही वाचता येईल अशा अक्षरांत, करून घ्या.

घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो? बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडची कळ असते, ती त्या बाजूला करा. वेगळा यूपीएस असेल तर दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी तपासून घ्या. विजा चमकू लागल्या की प्लग काढा, आणि इंटरनेटची वायरसुद्धा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणा, लॅपटॉप असेल तर चार्जरसह. निळ्या पडद्यावर काही लिहून आलं असेल तर त्याचा फोटो घ्या. घरी काय काय करून पाहिलं ते मोकळेपणानं सांगा, आम्ही कुणाला बोल लावत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय आणि डेटा उतरवल्याशिवाय आम्ही फॉरमॅट मारत नाही. वाटेत पावसात भिजला असेल तर "चालतोय का" म्हणून घरी लावून बघू नका. तसाच ओला आणा, आधी उघडून वाळवू.