चार मीटरला सहा मिलिमीटर कमी

टाटाने २०१७ मध्ये आणलेल्या पहिल्या नेक्सॉन गाडीची लांबी मोजली तर ३९९४ मिलिमीटर भरते. तिच्या पेट्रोल इंजिनाची क्षमता ११९८ सीसी, डिझेलची १४९७. तिन्ही आकडे कुठल्या तरी रेषेला नाक लावून उभे आहेत आणि ती रेषा आखली २००६ च्या अर्थसंकल्पाने. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के, असा तो नियम होता. पुढे जीएसटी आला तरी या मर्यादा तशाच राहिल्या. सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादांच्या आतल्या गाडीवर १८ टक्के आणि त्याबाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर आहे. एवढा फरक असल्यावर अभियंत्याच्या आधी टेप घेऊन हिशेबनीसच उभा राहणार!

नेक्सॉनला जाहिरातीत एसयूव्ही म्हणतात. पण सुमो किंवा जुन्या सफारीसारखी हिला वेगळी लॅडर चॅसी, म्हणजे शिडीसारखा पोलादी पाया, नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा भार पेलतो, आणि इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे हॅचबॅकचीच जात, फक्त उंच केलेली. तांत्रिक भाषेत याला क्रॉसओव्हर म्हणतात. तिचा पाया, म्हणजे एक्स१ प्लॅटफॉर्म, टाटाच्याच इंडिका व्हिस्टा, झेस्ट आणि बोल्ट या गाड्यांचा. तो थोडा ताणून पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४७० वरून २४९८ मिलिमीटर केलं गेलं. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत संकल्पना गाडी दिसली आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी विक्री सुरू झाली. तेव्हा डिझाइन विभागाचे प्रमुख प्रताप बोस होते. जोडणी पुण्याजवळच्या रांजणगावला, फियाटबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात.

आता गंमत बघा. कायद्याने लांबी बांधली, रुंदी आणि उंची मोकळी सोडली. त्यामुळे गाडी आडवी आणि उभी वाढली. पहिल्या नेक्सॉनची रुंदी १८११ मिलिमीटर होती, बोल्टपेक्षा शंभराहून अधिक. उंची १६०७, तळाखाली मोकळी जागा २०९. मागच्या सीटवर तिघं बरी बसतात ती या रुंदीमुळे. पेठेतल्या बोळात आरसे मिटावे लागतात तेही तिच्यामुळेच. लांबीची कसर मागच्या टोकाला काढली. छत मागे उतरतं ठेवलं, मागची काच आडवी टाकली आणि मागच्या चाकामागचा भाग आखूड केला. दिसायला झकास, पण मागची काच अरुंद असल्याने रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते.

आखूड गाडीचा खरा प्रश्न धडकेचा. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, चालकाच्या बाजूची ४० टक्के रुंदी समोर धरून, चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. आत बसवलेले माणसांचे पुतळे, सामान धरून वजन १४०० किलो मानलं, तर जिरवायची ऊर्जा दोन लाख ज्यूलच्या पुढे जाते. समजा, गाडी थांबेपर्यंत ७० सेंटिमीटर पुढे सरकली; तर सरासरी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, गुरुत्वाच्या सुमारे २३ पट येतं. तेच अंतर ६० सेंटिमीटर झालं की २७ पट. म्हणून बोनेटखालचा सेंटिमीटर न् सेंटिमीटर मोलाचा. तिथला पत्रा ठरल्या क्रमाने चुरगळला पाहिजे आणि दारांच्या खांबांपासून मागचा पिंजरा मात्र हलता कामा नये. हे दोन्ही एकाच सांगाड्यात साधायचं, तर कुठे मऊ आणि कुठे उच्च ताकदीचं पोलाद लावायचं, यावरच सगळं येऊन ठेपतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये नेक्सॉनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी १७ पैकी १३.५६ गुण आणि पाचपैकी चार तारे मिळाले. डिसेंबरमध्ये सुधारित गाडी पुन्हा आदळवली. पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण देणारी सूचना आली होती, बाजूच्या धडकेची चाचणीही गाडी उत्तीर्ण झाली, आणि गुण १६.०६ झाले. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती भारतात बनून भारतातच विकली जाणारी पहिली गाडी. मुलांच्या सुरक्षेला मात्र तीनच तारे होते, हे जाहिरातीत बारीक अक्षरात गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, जास्त कडक नियमांखाली, दोन्ही बाबतींत पाच तारे आले.

इंजिनाबद्दल इतकं कौतुक करवत नाही. १२०० सीसीच्या मर्यादेत सव्वा टनाची गाडी ओढायला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लागलाच: सुरुवातीला ११० पीएस (अश्वशक्ती), आणि पिळाचा जोर १७० न्यूटन-मीटर. पण सिलिंडर तीन. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दर १८० अंशांना एक स्फोट होतो, इथे २४० अंशांना. शिवाय पहिला आणि तिसरा पिस्टन इंजिनाला पुढेमागे डुलवतात. म्हणून सिग्नलला उभं असताना थरथर जाणवते. टर्बो पुरता जागा होईपर्यंत, म्हणजे मिनिटाला साधारण १८०० फेऱ्यांखाली, पिकअप मरतुकडं वाटतं. घाटात वरचा गिअर धरून इंजिन घुसमटवण्यापेक्षा वेळीच एक गिअर खाली आणावा. २०१८ पासून मिळणारा एएमटी हा साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं, इतकंच. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तो क्लच घासून जळतो. ब्रेक लावून थांबा. बीएस६ या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला आत सुमारे ६०० अंश तापमान लागतं. रोज चार किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्या गाडीत ते येत नाही, आणि दिवा लागतो. हायवेवर एका वेगाने वीसेक मिनिटं चालवली की बहुधा काम होतं.

जानेवारी २०२० मध्ये याच सांगाड्यात बॅटरी बसवली. ३०.२ किलोवॅट-तासांचा डबा तळाशी आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी गेला, त्यामुळे ३५० लिटरची डिकी शाबूत राहिली. वजन मात्र १४०० किलोवर गेलं. कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ९७ वॅट-तास. एसी लावून, हायवेच्या वेगात १४० धरावेत. मग २१५ च्या आसपास पल्ला उरतो. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम ३.३ युनिट जातात, तेव्हा रिकामी बॅटरी भरायला नऊ तासांहून अधिक धरा. वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय जुन्या सॉकेटला लावू नका. नऊ तास सलग पूर्ण भार ओढल्यावर ढिली पिन वितळते.

सप्टेंबर २०२४ च्या सीएनजी नेक्सॉनमध्ये तोच जागेचा पेच पुन्हा आला. एकच ६० लिटरचा सिलिंडर डिकी गिळतो. म्हणून ३०-३० लिटरचे दोन बारीक सिलिंडर डिकीच्या तळाखाली आडवे ठेवले आणि वर ३२१ लिटर जागा राहिली. गॅस हवेची जागा अडवतो, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद सीएनजीवर घसरते; इथे टर्बो जास्त हवा कोंबतो, तरी आताच्या पेट्रोल इंजिनाच्या १२० पीएसचे १०० होतातच. सिलिंडर दोन असले तरी दर तीन वर्षांनी करायची पाण्याच्या दाबाची चाचणी चुकत नाही, आणि त्यासाठी दोन्ही उतरवावे लागतात.