बिटकॉइन कोअर ‘सिंक’ व्हायला इतके दिवस का लागतात?

दुकानात पीसी घेऊन येणारे बहुतेक जण एकच विचारतात, “नेट तर झकास चालतंय, मग हे वॉलेट अडलंय कुठे?” ते अडलेलं नसतं. बिटकॉइन कोअर हा बिटकॉइन या डिजिटल चलनाचा प्रोग्राम नुसतं वॉलेट, म्हणजे पाकीट नाही, हिशेब तपासनीसही आहे. 3 जानेवारी 2009च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) आजवरचा प्रत्येक व्यवहार ते स्वतः उतरवून घेतं आणि पडताळतं, यालाच ‘सिंक’ म्हणतात. व्यवहारांची ही वही, म्हणजे ‘ब्लॉकचेन’, आता 600 जीबीच्या पुढे गेली आहे, आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडलं जातं.

सुरुवातीची वर्षं भराभर सरतात, कारण तेव्हाचे ब्लॉक जवळजवळ रिकामेच होते. 2015च्या पुढे गाडी रखडते. इथे लोक ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवून घेतात. पैसे वाया! बहुतेक वेळा दोष जुन्या हार्डडिस्कचा असतो. आधी खर्च झालेलं नाणं कोणी पुन्हा खर्चत नाही ना, हे बघायला प्रोग्राम ‘चेनस्टेट’ फोल्डरमध्ये सतत बारीकसारीक नोंदी शोधत असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कचा त्यातच जीव जातो. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क 100 टक्क्यांवर आणि नेटवर्क जेमतेम हलतंय, असं दिसलं की निदान झालं.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली की आठवड्यांचं काम बऱ्याचदा दिवसांवर येतं. 1 टीबीची एसएसडी परवडत नसेल तर ब्लॉकच्या मोठ्या फाइली जुन्या डिस्कवर ठेवून फक्त चेनस्टेट छोट्या एसएसडीवर ठेवता येतं. आम्ही तसं लावून देतो.

दुसरा उपाय फुकटचा आहे. सेटिंग्जमध्ये ऑप्शन्स उघडून ‘डेटाबेस कॅशे’ बघा, म्हणजे नोंदी हाताशी ठेवायला प्रोग्राम वापरतो ती रॅम. बहुतेक आवृत्त्यांत तो 450 एमबी असतो. रॅम 8 जीबी असेल तर 2–3 जीबी करा. मात्र मग लाइट जाऊन चालणार नाही. कॅशेमधलं काम डिस्कवर उतरण्याआधी पीसी बंद पडला तर काही तासांची मेहनत जाते, कधी सगळं पुन्हा तपासायची वेळ येते. यूपीएस लावाच. प्रोग्राम बंद करतानाही ‘शटिंग डाउन’ची खिडकी जाईपर्यंत बटणाला हात लावू नका.

‘प्रून’ केल्याने, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसत गेल्याने, जागा वाचते, डाउनलोड वाचत नाही. सगळं एकदा उतरवावंच लागतं. शिवाय पुढे जुनी वॉलेट फाइल त्यात घातली, तर मागचे व्यवहार शोधायला जुने ब्लॉकच हाताशी नसतात.

अँटीव्हायरसला बिटकॉइनच्या डेटा फोल्डरमधून वगळा. 2014मध्ये कोणीतरी ‘स्टोन्ड’ या डॉसच्या काळातल्या व्हायरसची खूण ब्लॉकचेनमध्ये घुसडली होती. व्हायरस नव्हताच, पण अँटीव्हायरस त्या फाइली उचलून नेऊ लागला.

सिंक पुरं होईपर्यंत शिल्लक कमी किंवा शून्य दिसते. घाबरून प्रोग्राम काढून टाकू नका, डेटा फोल्डर तर मुळीच पुसू नका, वॉलेटची फाइल त्यातच असते. पैसे ब्लॉकचेनवर आहेत, तुमच्याकडे फक्त किल्ली आहे. रोजच्या वापराला एवढा व्याप नको असेल तर इलेक्ट्रमसारखं हलकं वॉलेट पुरतं.

“सिंक लगेच करून देतो” म्हणत कोणी पासफ्रेज (वॉलेटचा पासवर्ड) किंवा वॉलेट परत मिळवायचे 12–24 शब्द मागितले तर फोन ठेवून द्या. आमच्याकडे पीसी आणण्याआधीही वॉलेट फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवा. पासफ्रेज आम्हाला सांगू नका, दुरुस्तीला तो लागत नाही.