व्हायोलिनवादन व अध्यापन, कोल्हापूर

हिंदुस्थानी पद्धतीच्या व्हायोलिनवादकांचा व शिक्षकांचा कोल्हापुरातील व्यवसाय. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने अल्लादिया खाँ येथे दरबारगायक झाले. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतलेल्यांत गवई आणि व्हायोलिनवादक गजाननराव जोशी (१९११–८७) होते. इथला कान अशा गायकीवर पोसलेला. बंदिश गळ्याने म्हणून दाखवता न येणाऱ्या शिक्षकाची पंचाईत होते.

वाद्य पाश्चात्त्य, बैठक मात्र मांडी घालून. वाद्याचे शीर्ष उजव्या घोट्यावर टेकवतात, दुसरे टोक डाव्या छातीशी. भार पायावर गेल्याने डावा हात मोकळा होतो आणि तर्जनी-मध्यमेने लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे) ओढता येते. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प-सा-प-सां (सां म्हणजे वरचा सा) ही जुळणी रूढ आहे. पांढरी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या पांढरीचा स्वर, म्हणजे डी) सा धरल्यास, मूळच्या जी-डी-ए-ई तारांपैकी जाड जी एक स्वर चढवतात, बारीक ई तेवढीच उतरवतात. मधल्या दोन जशाच्या तशा.

सुरुवातीचे काम मोकळ्या, म्हणजे बोट न दाबलेल्या, तारांवरच. गज (केसांची वाजवायची काठी) घोडीला (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीला) समांतर हवा. घोडीलगत हलका फिरवला की शिट्टी वाजते, बोर्डाकडे सरकवून दाबला की खरखर होते. एका गजात एक स्वर स्थिर झाला की दोन, चार, आठ. पालकांना लवकर गाणे ऐकायचे असते. घाई केली तर तिरका गज पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, सरसाचे सांधे सुटतात, गजाचे केस सैलावतात. उन्हाळ्यात खुंट्या घसरतात. अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, घसरणाऱ्या खुंटीला खडू लावावा. वाजवून झाल्यावर गज ढिला करावा. तारा एकेक करूनच बदलाव्यात. चारही एकदम काढल्या की आतला साउंड पोस्ट (वरच्या-खालच्या फळीमध्ये उभी असलेली लाकडी काडी) पडू शकतो. मिरज जवळ असले तरी त्या गावाची ख्याती तंबोरा-सतारी बनवण्याची. साउंड पोस्ट बसवणे हे निराळे कसब.

मैफलींवर घर चालणे अवघड, मुख्य आधार शिकवणीचा. विद्यार्थी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांना बसतात. शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे. वादकाला आकाशवाणीची स्वरपरीक्षा देऊन बी, बी-हाय, ए किंवा टॉप श्रेणी मिळवता येते. गायन समाज देवल क्लब (१८८३) हे शहरातील जुने व्यासपीठ.

साथीची कामे भावगीत-नाट्यगीतांत अधिक. ख्यालाला बहुधा संवादिनीच असते. गायकाची जागा (छोटी स्वराकृती) पुरी होण्याआधी ती उचलणे हा नवख्याचा नेहमीचा दोष. दुसरी अडचण पट्टीची. गायिकेचा सा काळी चार (पेटीची चौथी काळी) असेल, तर प-सा-प-सां साठी तारा ताणत बसू नये, तुटतात. जी आणि डी अर्धा स्वर चढवून, ए आणि ई अर्धा उतरवून सा-प-सां-पं जुळवावे. बोटांच्या जागा मात्र बदलतात, म्हणून या जुळणीचाही रियाज आधीपासून लागतो.