१९४७ ते १९५०: देश घटनेविना चालला?

दर जानेवारीत एक वाक्य हमखास फिरतं: स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी १९५० पर्यंत देश घटनेविनाच चालला. तसं नव्हतं. ब्रिटिशांचाच १९३५ चा कायदा, हवे ते फेरफार करून, घटना म्हणून वापरात होता. त्यामुळे ऐकायला विचित्र वाटेल, पण कागदोपत्री आपला राजा सहावा जॉर्जच होता. त्याच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते.

वेगळी संसदही नव्हती. संविधान सभाच कधी मसुद्यावर वाद घाली, तर कधी कायदेमंडळ म्हणून बसे. घटनेच्या कामाला अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. कायदेमंडळाचे सभापती दादासाहेब मावळंकर. (दोन टोप्या, माणसं तीच!)

आणि हो, सगळी घटना २६ जानेवारीलाच लागू झाली, हेही अर्धसत्य. नागरिकत्व, निवडणुका, हंगामी संसद यांविषयीची काही कलमं घटना स्वीकारली त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ ला अमलात आली. १९३५ चा कायदा मात्र ३९५ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या कलमाने रद्द झाला.